तक्रारदार हजर

दिल्लीतली माझी दुसरी खोली मला विनंती अर्जावर मिळाली.

पहिली मुनिरक्यात होती. तिला खिडकी होती, पण ती उघडली की समोरच्या इमारतीच्या भिंतीला हात लागायचा. स्पर्धा परीक्षेची तयारी करायला परभणीहून आलेला मी भरदुपारी ट्यूबलाइट लावून वाचत बसायचो. दीड वर्षानं नीट आरशात बघितलं, तर विटेखाली उगवलेल्या गवतासारखा पिवळा पडलो होतो. तेव्हा कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या कॉलनीत भंडाऱ्याकडचे एक काका आहेत, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. गच्चीवरची खोली देतात, पण माणूस जरा सटक आहे. मी म्हटलं, खोलीत उजेड येतो ना, मग माणूस कसा का असेना.

"खोली पाहिजे?" दारातच काकांनी विचारलं.

"हो."

"मग अर्ज लिही."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी मला टेबलाशी बसवलं, रेघांचा कागद पुढे सरकवला आणि मागे हात बांधून उभे राहिले. मी 'महोदय' असं लिहायला घेतलं तर म्हणाले, "आधी विषय. विषय नसलेला अर्ज म्हणजे बिनमुंडक्याचं धड." मी 'गच्चीवरील खोली भाड्याने मिळणेबाबत' असा विषय लिहिला आणि खाली चार ओळी खरडल्या. त्यांनी वाचल्या, अक्षर उजेडाकडे धरून बघितलं आणि विचारलं, "सोबत काय जोडलंस?"

"काहीच नाही."

"मग मी विश्वास कशावर ठेवायचा?"

माझ्या पाकिटात परभणीहून आलो त्या गाडीचं जुनं तिकीट होतं. का ठेवलं होतं कोण जाणे. मी वैतागून तेच पुढे केलं. त्यांनी पंच मारून, हिरवी नाडी ओवून ते अर्जाला बांधलं आणि अर्जाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सोबत: एक रेल्वे तिकीट.' तेवढ्यात आतून बायकी आवाज आला, "अहो, पोराला आधी पाणी तरी द्या! दम लागला असेल जिने चढून." आणि त्या आवाजालाच खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबली नाही.

त्या काकू. काका खोकल्याकडे कान देऊन उभे होते. तो थांबला तेव्हा त्यांनी अर्जावर 'मंजूर' असा शेरा मारला.

काका म्हणजे पाच फुटांचा, काटकुळा, इस्त्रीच्या बुशशर्टातला माणूस. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. घरातसुद्धा. चौतीस वर्षं त्यांनी एका मंत्रालयात फायली चालवल्या. त्यांच्या बोलण्यातही फाइलच असायची. भाजी आणायला निघाले की काकूंना म्हणत, "भाजीचं प्रकरण काय आहे आज?" काकू म्हणत, "वांगी प्रलंबित आहेत." दोघंही हसायचे नाहीत. मी त्यांच्याकडेच जेवायचो; मला मात्र पहिले काही महिने हसू दाबून घास गिळणं अवघड जायचं.

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दोनदा तरी यायचंच. "लिहिलं नाही ते घडलं नाही." दूधवाल्यानं पाणी घातलं, कॉलनीच्या गेटवर कुणी गाडी आडवी लावली, लग्नाच्या बँडनं रस्ता अडवला, टँकरवाला पाणी अर्धवट सोडून निघून गेला, फूटपाथवर कुणी जनरेटर बसवला, प्रत्येक गोष्टीवर त्यांचा अर्ज जायचा. हिंदीत, सुवाच्य अक्षरात, प्रतिलिपी तीन. आणि हवेबद्दल रोज.

हवेच्या अर्जाची पद्धत अशी. सकाळी सहाला बुद्धवंदना झाली की काका पांढऱ्या फडक्याचा वीतभर तुकडा ओला करून बाल्कनीचा कठडा पुसायचे. फडकं काळं व्हायचं. ते वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तारीख लिहून अर्जाला जोडायचे. 'संलग्नक: एक कपडा.' कचेरीतल्या कारकुनांनी त्यांचं नाव 'पोंछा अंकल' ठेवलं होतं. काकांना ते माहीत होतं. फडकी काकू फाडून द्यायच्या. आधी काकांची धोतरं संपली, मग बनियनं, मग उशांचे अभ्रे. "आता माझ्या वंदनेच्या पांढऱ्या साडीवर यांचा डोळा आहे," काकू मला म्हणाल्या होत्या. "तिला हात लावाल तर याद राखा म्हटलं."

खालच्या मजल्यावर एक प्रॉपर्टी डीलर राहायचा. चांगला माणूस, दिवाळीला मिठाई आणून द्यायचा. तो काकांना म्हणायचा, "अंकल जी, इतना मत सोचा करो. प्युरिफायर ले लो, खिडकी बंद करो, मस्त रहो." काका त्याला हिंदीत काही बोलायचे नाहीत, पण वर येऊन माझ्यावर घसरायचे. "हवा साफ करायचं यंत्र घरात आणायचं म्हणजे बाहेरची हवा त्यांना लिहून द्यायची! खिडकी लावली की संपलं, आपण मान्य केलं." म्हणून त्यांच्या घरातली मागची खिडकी बारा महिने उघडी असायची. थंडीत आम्ही पानिपतच्या रजया अंगावर घेऊन बसायचो. "आपल्या लोकांचं पानिपत झालं म्हणतात," काकू म्हणायच्या, "पण रजया चांगल्या करतात हो तिकडे."

मला राग यायचा. विशेषतः काकूंना खोकताना ऐकलं की यायचाच. शेवटी बंगळुरूच्या लेकीनं परस्पर प्युरिफायर पाठवून दिला. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण काकांनी निमूटपणे तो काकूंच्या खोलीत लावला, तिथलं दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत उघड्या खिडकीसमोर जाऊन बसले. तेव्हापासून दोघं नवराबायको दाराआडून एकमेकांशी बोलायचे. वीज गेली की दोघांची हवा एक व्हायची.

एकदा मी चिडून विचारलं, "काका, इतक्या अर्जांनी आजवर काय झालं ते सांगा."

तेव्हा त्यांनी हापशाची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात त्यांच्या वस्तीला विहिरीवर पाणी भरू देत नसत. बाप अंगठेबहाद्दर. तो दर महिन्याला तालुक्याला चालत जाऊन एका मास्तराकडून अर्ज लिहून घ्यायचा आणि कचेरीत नेऊन द्यायचा. गावानं त्याला खुळ्यात काढलं होतं. अकरा वर्षं. बाराव्या वर्षी वस्तीत हापसा बसला. "साहेब बघायला आला तेव्हा त्यानं विचारलं, अर्जदार कोण? बाप पुढे झाला. अर्जदार हजर आहे, असं साहेबानं कागदावर लिहिलं. बापानं तो कागद मला वाचायला लावला. पुन्हा पुन्हा वाचायला लावला. माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी हजर म्हणून लिहिला गेला होता रे."

त्यानंतर मी अर्जांवरून त्यांची टर उडवणं सोडून दिलं. राग मात्र येतच राहिला.

एका उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारता मारता ते जे बोलले ते मला अजून आठवतं. "या शहरात राहणं कशानं नकोसं होतं, सांग. धुरानं? धूर काय, चुलीशी माझ्या आईनं जन्मभर खाल्ला. इथे प्रत्येकाला वाटतं की आपण तात्पुरते आहोत. तू परीक्षेपुरता. खालचा डीलर त्याचा फ्लॅट विकला जाईपर्यंत. मीसुद्धा रिटायर होईपर्यंतच होतो. तात्पुरता माणूस तक्रार करत नाही. तो खिडकी लावतो." मी म्हटलं, "मग तुम्ही परत का नाही गेलात?" ते म्हणाले, "फाइल उघडी टाकून?" आणि पुन्हा पाणी मारायला लागले.

दर वर्षी दिवाळी झाली की ते काकूंना घेऊन भंडाऱ्याला जायचे, काकूंच्या बहिणीकडे, आणि होळीनंतर परतायचे. हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. "अंकल जी, दवा अपनी जगह है. सर्दियों में इनको यहाँ मत रखिए. बस." काकूंच्या दम्याला तेवढा एकच खरा उतारा होता. त्या ऑक्टोबरपासूनच पिशव्या भरायला लागायच्या. "इटारसी सुटली ना, की माझी छाती आपोआप मोकळी होते बघ. तोवर मी खिडकीशी बसूनच असते." तिकडून मला त्यांचा फोन यायचा, तो एका दमात बोललेला असायचा. धान आलं, बहिणीची सून गरोदर आहे, इथे ऊन कसं स्वच्छ पडतं, तू जेवतोस ना. मध्ये एकदाही न थांबता.

आता त्या शेवटच्या वर्षाचं सांगतो. त्यातला काही भाग माझ्या हातून झालेला आहे.

घरामागे एक मोकळा प्लॉट होता. तिथे कुणीतरी संध्याकाळी वायर जाळायचं, आतलं तांबं काढायला. काळा, तेलकट धूर सरळ वर यायचा आणि मागच्या खिडकीतून आत. काकांनी त्यावर दोन वर्षं लागोपाठ तक्रार केली होती आणि दोन्ही वर्षं तिचा शेवट एकच झाला. पाहणीसाठी माणूस यायचा तो नेमका डिसेंबर-जानेवारीत, हे दोघं भंडाऱ्याला असताना. मार्चमध्ये परत यावं तर पेटीत चिठ्ठी, 'शिकायतकर्ता मौके पर नहीं मिले, अतः शिकायत समाप्त.' सरकारी काम अन् सहा महिने थांब, म्हणतात. इथे सहा महिने थांबूनही नेमकं त्याच दिवशी जागेवर नसायचं.

तिसऱ्या वर्षी कागदी अर्ज घेणंच बंद झालं. सगळं मोबाइलच्या ॲपवर. काका हवालदिल झाले. "आणि फडकं कुठे जोडायचं?" त्यांनी मला दहा वेळा विचारलं. गणपती नुकतेच उठले होते. मी मोबाइल घेऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि एकेक रकाना भरायला लागलो. शिकायतकर्ता का नाम, असा रकाना आला. मी काकांचं नाव टाइप केलं.

"थांब," ते म्हणाले. "हिचं घाल. त्रास हिला आहे. पीडिताच्या नावानं अर्ज असला की वजन पडतं."

मी खोडलं आणि काकूंचं नाव घातलं. काकू दारात उभ्या होत्या. "अगं बाई, माझं नाव कॉम्प्युटरवर!" त्या म्हणाल्या. खूश झाल्या होत्या. नंबर आला, तो काकांनी लाल पेनानं कॅलेंडरवर लिहिला.

महिन्याभरानं मेसेज आला. मौके का निरीक्षण होगा, तिथि सूचित की जाएगी, शिकायतकर्ता की उपस्थिति अनिवार्य. काकांनी तो तीनदा वाचून घेतला. मग म्हणाले, "यंदा भंडारा नाही. यंदा बघतोच."

"काका, तुम्ही थांबा की. काकूंना पाठवून द्या. मी सोडून येतो."

"तक्रारदार ती आहे."

मी मोबाइल काढला. मग म्हटलं, "नाव बदलू या. आत्ता बदलतो."

"नाव बदललं की फाइल नवी. नंबर नवा. ज्येष्ठता गेली." आणि त्यांचा आवाज चढला. "ज्येष्ठता म्हणजे काय, तुला काय माहीत! माझी ज्येष्ठता नऊ वर्षं अडवून धरली होती ऑफिसात. माझ्या हाताखालची पोरं माझे साहेब झाली. अर्ज करून करून परत मिळवली मी, रिटायर व्हायच्या दोन महिने आधी. मिळालेला नंबर सोडायचा नसतो."

पालथ्या घड्यावर पाणी. मी काकूंकडे गेलो. दार लोटून आत गेलो तर त्या यंत्राशेजारी पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. भरलेल्या दोन पिशव्या पलंगाखाली होत्या.

"काकू, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात."

"ऐकतात," त्या म्हणाल्या. थांबल्या, श्वास घेतला. "म्हणूनच सांगत नाही. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या फायली चालवल्या. ही पहिली घरची आहे. तीही माझ्या नावाची. मी कशी मोडू? आठवडाभराचं तर आहे. येईल तो माणूस."

तिकिटं रद्द झाली. आठवड्याचे दोन झाले, दोनाचे पाच. शाळा बंद झाल्या, सूर्य दुपारी बाराला जुन्या बल्बासारखा दिसायला लागला, आणि रस्त्यावर एकमेकांना ओळखू न येणारी माणसं हॉर्न वाजवत होती. काकूंच्या वाक्यांचे तुकडे व्हायला लागले. आधी चार शब्दांचे, मग दोनाचे. मी मोजायचो. माझ्या परीक्षेचा अभ्यास मी त्या दिवसांत काय केला, मला आठवत नाही.

डिसेंबरात एकदा पाहणीवाल्याचा फोन आला. त्याला तक्रारदाराशीच बोलायचं होतं. काकांनी स्पीकर लावून फोन काकूंच्या तोंडाशी धरला.

"मैडम, आग अभी लगी हुई है?"

"अभी... नहीं. शाम को..."

"तो मैडम, जब लगे तब फोन कीजिए ना. अभी आके मैं क्या देखूँगा?"

"भैया, आप... आओ तो..."

"बिल्कुल आऊँगा मैडम. शिकायत चालू है आपकी, टेन्शन मत लीजिए."

फोन ठेवल्यावर काका माझ्याकडे बघून म्हणाले, "चालू आहे." त्यांचा चेहरा उजळला होता. मी उठून गच्चीवर निघून गेलो. तिथेही तीच हवा होती.

त्या रात्री मी भंडाऱ्याची दोन तिकिटं काढायला बसलो होतो, त्यांना न विचारता. वेटिंग लिस्ट होती. मी म्हटलं, उद्या बघू. हा माझा उद्या. काकांच्या ज्येष्ठतेवर मी तोंडसुख घेतो, पण मोबाइल माझ्याच हातात होता आणि नाव मीच टाइप केलं होतं. खरं तर काकूंचा हात धरून मी स्टेशनवर जायला हवं होतं. जनरलच्या डब्यात बसायला हवं होतं. मी पोरगा होतो, भाडेकरू होतो, मध्ये पडायचं कसं, अशी कारणं मी बरीच वर्षं स्वतःला दिली. आता देत नाही.

नाताळनंतर काकूंना ॲडमिट केलं. पहिल्या हॉस्पिटलात खाट नव्हती, दुसऱ्यात व्हरांड्यात मिळाली. शेजारी ओळीनं अशाच बायका, अशीच म्हातारी माणसं, तोंडाला मास्क लावून छताकडे बघणारी. काका पायथ्याशी स्टुलावर बसून असायचे. त्यांच्या खिशाला दोन्ही पेनं होती, पण तिथे त्यांनी एकही अर्ज लिहिला नाही. जानेवारीतल्या एका सकाळी अकराच्या सुमारास काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मास्क बाजूला केला. "आला का... माणूस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आज येतोय, काकू."

त्यांनी मान हलवली. तासाभरात त्या गेल्या.

लेक आली, भंडाऱ्याहून बहीण आली, दिल्लीतली ओळखीची घरं आली. सातव्या दिवशी सकाळी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. बाहेरच्या खोलीत टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी काकूंचा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली पंधरा-वीस माणसं. काकूंच्या वंदनेच्या साडीची घडी करून फोटोपुढे ठेवली होती. त्रिशरण-पंचशील झालं आणि बेल वाजली. मी दार उघडलं.

हेल्मेट घातलेला एक चाळिशीतला माणूस, हातात मोबाइल. "शिकायत के इन्स्पेक्शन के लिए आया हूँ." त्यानं काकूंचं नाव वाचलं. "मैडम हैं?"

त्यानं आत बघितलं, फोटो बघितला, पांढरे कपडे बघितले. चटकन हेल्मेट काढलं. "सॉरी, सॉरी जी. मुझे पता नहीं था." तो मागे वळला होता. वाईट माणूस नव्हता तो, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच्या हातावर अशा तक्रारी किती असतील, देव जाणे.

"रुकिए," काका म्हणाले. ते उठून पुढे आले होते. "निरीक्षण कीजिए."

"अंकल जी, अब क्या... मैं लिख देता हूँ कि शिकायतकर्ता..." त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं. "वैसे भी, मौके पर शिकायतकर्ता की फोटो डाले बिना ॲप आगे नहीं बढ़ता. बंद ही करना पड़ेगा."

काकांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मग ते टेबलाकडे गेले, काकूंचा फोटो दोन्ही हातांनी उचलला, त्यावरचा हार सरळ केला आणि चपला घालून जिना उतरायला लागले. लेक ओरडली, "बाबा, काय करताय? बाबा!" ते थांबले नाहीत. आम्ही सगळे त्यांच्या मागून गेलो. खालच्या डीलरनं दार उघडून बघितलं आणि तोही अनवाणी मागून आला.

प्लॉटवर राखेचे काळे ढीग होते, वायरची जळलेली कातडी, एक तुटकी खुर्ची. आग नव्हती. सकाळी कुठून असणार? काका राखेच्या ढिगापाशी जाऊन उभे राहिले. फोटो त्यांनी छातीशी धरला, काकूंचं तोंड मोबाइलकडे येईल असा. मग मान ताठ केली.

"लीजिए," ते म्हणाले. "शिकायतकर्ता."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं मोबाइल वर केला आणि फोटो काढला. एक फोटो हलला म्हणून त्यानं दुसरा काढला, काका तोपर्यंत तसेच उभे होते. मग तो हात जोडून, कुणाकडेही न बघता, गाडीला किक मारून निघून गेला.

मी परीक्षा पास झालो नाही. आता नोएडात एका कंपनीत काम करतो, बाविसाव्या मजल्यावर राहतो. माझ्या मुलीच्या दप्तरात डब्याशेजारी इनहेलर असतो. तिच्या वर्गात तो बऱ्याच जणांकडे असतो, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नाही. नोव्हेंबर आला की बायको म्हणते, आपण परभणीला बदली का नाही घेत. मी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. आमच्या सगळ्या खिडक्या बंद असतात. मी इथे तात्पुरताच आहे.

पाहणी झाल्यावर तिसऱ्या दिवशी मेसेज आला. पाहुणे पांगले होते, लेक सामान बांधत होती. ती काकांना बंगळुरूला घेऊन जाणार होती, आणि ते हो म्हणाले होते, एका शब्दात. मेसेज माझ्याच मोबाइलवर आला, कारण नंबर मीच दिला होता. काका मागच्या खिडकीपाशी बसले होते. मी म्हटलं, काका, तक्रारीचं उत्तर आलंय. ते म्हणाले, वाच.

मी वाचलं. "निरीक्षण किया गया. शिकायतकर्ता मौके पर उपस्थित पाई गईं. मौके पर आग नहीं पाई गई. शिकायत समाप्त."

मला वाटलं होतं ते चिडतील. लाल पेन काढतील, पुनर्विचाराचा अर्ज सांगतील, मी लिहून घेईन. मला ते हवंही होतं.

"दुसरं वाक्य पुन्हा वाच," ते म्हणाले.

"शिकायतकर्ता मौके पर उपस्थित पाई गईं."

"तारीख?"

मी निरीक्षणाची तारीख सांगितली. काकूंना जाऊन त्या दिवशी सात दिवस झाले होते.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मागे प्लॉटवर कुणीतरी आग लावली होती, वायरचा वास यायला लागला होता. काका ऐकत होते, ओठ थोडे हलत होते. वाचून झाल्यावर ते सावकाश उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.